कंपन-निरीक्षण यंत्रणा वारंवार ‘नुकसान’ दाखवते, पण एफआरपीत दोष सापडत नाही: तपासणी कोणत्या क्रमाने करावी

वडोदऱ्याच्या नंदेसरी आणि मकरपुरा या औद्योगिक वसाहतींत काचतंतूंच्या एफआरपीची (तंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकची) कामे पावलोपावली दिसतात: आम्लाच्या वाफा ओढणारे डक्ट, स्क्रबर, चिमण्या, कूलिंग टॉवरच्या पंख्यांची पाती. यांतील काहींवर ॲक्सिलरोमीटर (कंपनाचे त्वरण मोजणारे सेन्सर) किंवा पिझो पट्ट्या (ताण पडला की विद्युतसंकेत देणाऱ्या पट्ट्या) कायमच्या चिकटवलेल्या असतात. संगणक त्यांच्या संकेतांवरून रचनेच्या नैसर्गिक वारंवारता काढतो आणि त्या ठरवलेल्या मर्यादेखाली गेल्या की ‘नुकसान’ असा इशारा देतो. तत्त्व सरळ आहे. नैसर्गिक वारंवारता ही ताठरतेला वस्तुमानाने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. थर एकमेकांपासून सुटले किंवा तंतू तुटले की ताठरता घटते आणि वारंवारता उतरते. अडचण अशी की ताठरता दोन टक्क्यांनी घटली तरी वारंवारता जेमतेम एक टक्का उतरते, आणि तेवढा फरक ऊन, ढिला बोल्ट किंवा सुटत आलेला सेन्सरही सहज पाडतो.

हे टिपण त्याच तक्रारीविषयी आहे: इशारा येतो, माणूस जाऊन पाहून येतो, काही सापडत नाही, इशारा पुसला जातो आणि थोड्याच दिवसांत तो परत येतो. असे चालू राहिले की कामगार त्या लाल दिव्याकडे पाहीनासे होतात. मी या कामासाठी जेथे जेथे गेलो, तेथे बहुतेक वेळा कारण मोजमापाच्या साखळीत किंवा हवामानात निघाले. तरीही ‘बहुतेक वेळा’ या शब्दांवर विसंबून खालचा क्रम मध्येच सोडू नये.

आधी लक्षणे नीट लिहून काढावीत

इशारा ‘आला’ एवढी माहिती पुरेशी नाही. कोणत्या मोडची (रचनेच्या कंपनाच्या ठरावीक आकाराची) वारंवारता उतरली, किती उतरली, ती परत वर आली का आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे कागदावर उतरवावे. दुपारी उतरणारी आणि पहाटे जागेवर येणारी वारंवारता तापमानाकडे बोट दाखवते. एकाच सेन्सरची पातळी ढासळली आणि शेजारचे सेन्सर शांत असले, तर संशय त्या सेन्सरवर किंवा त्याच्या केबलवर घ्यावा. आलेखात ५० हर्ट्झवर आणि त्याच्या पटींवर सुईसारखी टोके दिसली, तर ती विजेची देणगी आहे. वारंवारता दर वेळी ठरावीक पायऱ्यांनीच वरखाली होत असेल, तर दोष रचनेत नसून नोंदीच्या लांबीत असतो. देखभालीच्या कामानंतर लगेच सुरू झालेला इशारा त्या कामाशीच जोडून पाहावा. आणि एक-दोन मोड उतरले, बाकीचे जवळपास जागेवर राहिले, पहाटेच्या गारव्यातही उतरलेले मोड वर आले नाहीत, आणि सोबत अवमंदन (कंपन विरण्याचे प्रमाण) वाढलेले दिसले, तर मात्र प्रकरण गंभीरपणे घ्यावे. सुटलेल्या थरांच्या घर्षणाने अवमंदन वाढते.

पहिली तपासणी: रजिस्टर आणि घड्याळ

हिला खर्च शून्य आहे आणि निम्मी कोडी येथेच सुटतात. इशाऱ्यांच्या वेळा आणि देखभालीचे रजिस्टर शेजारी ठेवून वाचावे. एका रजिस्टरमध्ये ‘सेन्सर बदलला, ओके’ एवढीच ओळ होती आणि इशारे त्याच तारखेपासून सुरू झाले होते. जुना सेन्सर बोटाच्या पेराएवढा होता. नवा बसवताना गोदामात होता तो जाडजूड औद्योगिक सेन्सर उचलला गेला. डक्टच्या पातळ पॅनलला असे वजन जाणवते. एखाद्या मोडमध्ये हलणारे परिणामी वस्तुमान २०० ग्रॅम असेल आणि त्यावर १० ग्रॅमची भर पडली, तर वारंवारता सुमारे २.४ टक्के उतरते. म्हणजे पॅनल शाबूत असूनही एक टक्क्याची मर्यादा सहज ओलांडली जाते.

याच बैठकीत आणखी काही प्रश्न विचारून घ्यावेत. टाकीतील द्रवाची पातळी त्या वेळी किती होती? डक्टच्या तळाशी क्षारांचा थर साचला आहे का? ब्लोअरचा वेग ड्राइव्हवरून बदलला होता का? चार पोलची मोटर पूर्ण वेगाने मिनिटाला सुमारे १४४० ते १४८० फेरे मारते, म्हणजे आलेखात तिचे टोक २४ हर्ट्झच्या आसपास येते. वेग कमी केला की ते टोक खाली सरकते आणि संगणक त्यालाच रचनेचा मोड समजून ‘उतरला’ म्हणून ओरडतो. ब्लोअर बंद करून काही मिनिटांची नोंद घेतली की टोक नाहीसे होते का, ते कळते. नाहीसे झाले, तर तो मोड नव्हताच.

दुसरी तपासणी: डोळा आणि हात

सेन्सरपासून संगणकापर्यंत केबल हाताने चाचपत जावे. केबल जेथे मोकळी लोंबते तेथे ती वाऱ्याने फडफडते आणि सेन्सरलाच हिसके देते. म्हणून सेन्सरपासून थोड्याच अंतरावर ती पृष्ठभागाला बांधलेली असावी. आपल्याकडे उत्तरायणानंतर चिमणीच्या केबलवर पतंगाचा मांजा गुंडाळलेला सापडणे नवलाचे नाही. वारा सुटला की तो मांजा केबल ताणतो आणि नोंदीत वेळी-अवेळी उसळी दिसते. मांजा ओढून काढू नये, कापून काढावा. ओढल्यास केबलचे आवरण चिरते.

त्यानंतर सेन्सरची बैठक पाहावी. तात्पुरत्या चाचणीसाठी मेणावर बसवलेला सेन्सर तसाच महिनोन्‌महिने राहिलेला मी अनेकदा पाहिला आहे. मे महिन्यात सावलीतला पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा ते मेण मऊ पडते आणि सेन्सर रचनेबरोबर न हलता तिच्यावर तरंगू लागतो. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंदही ओलाव्याने आणि वर्षभराच्या उष्ण-थंड फेऱ्यांनी ठिसूळ होतो. कायमच्या बैठकीसाठी दोन घटकांचे इपॉक्सीच वापरावे. एफआरपीत एक खास फसगत होते ती अशी: सेन्सर जेलकोटवर (एफआरपीच्या बाहेरच्या गुळगुळीत लेपावर) घट्ट चिकटलेला असतो, पण त्याखालचा जेलकोटच तडकून सुटलेला असतो. हाताला सेन्सर पक्का लागतो आणि मोजमाप मात्र चुकते. म्हणून बसवताना तेवढ्या जागेवरचा जेलकोट पॉलिश पेपरने घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, मगच इपॉक्सी लावावे आणि उघडी पडलेली कड रेझिनने बंद करावी. लोहचुंबकाची बैठक येथे चालत नाही. तिच्यासाठी लोखंडी चकती चिकटवली, तर त्या चकतीचेही वजन मोजावे लागते.

तिसरी तपासणी: मल्टिमीटर

आतच इलेक्ट्रॉनिक परिपथ असलेला, म्हणजे आयईपीई प्रकारचा, ॲक्सिलरोमीटर असेल तर त्याच केबलवरून त्याला स्थिर प्रवाह मिळतो आणि त्याच केबलवर एक स्थिर व्होल्टता उभी राहते. टी-जोडणी घालून ती डीसी रेंजवर मोजावी. बहुतेक सेन्सरमध्ये ती ८ ते १२ व्होल्टच्या आसपास असते. नेमका आकडा सेन्सरच्या माहितीपत्रकात असतो. मीटरवर जवळजवळ शून्य दिसले तर कोठेतरी शॉर्ट आहे, आणि पुरवठ्याची पूर्ण व्होल्टता, सहसा २४ च्या जवळपास, दिसली तर तार तुटलेली आहे किंवा कनेक्टर सुटला आहे. आकडा बरोबर असूनही तो डोळ्यांदेखत हेलकावत असेल, तर कनेक्टरमध्ये ओलावा शिरलेला असतो. पावसाळ्यात हे सर्रास घडते. कनेक्टर उघडून, सुकवून, स्वच्छ करून, वरून सील करावा. नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळल्यास आत गेलेले पाणी आतच राहते.

पिझो पट्टीची तपासणी वेगळी आहे. तिची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजावी. मल्टिमीटरला नॅनोफॅरडची रेंज असली की काम भागते. पट्टी बसवल्याच्या दिवशीचा आकडा नोंदलेला असेल, तर तुलना क्षणात होते. पट्टी तडकली असेल तर धारिता कमी भरते, कारण तिचा काही भाग विद्युतदृष्ट्या तुटलेला असतो. पट्टी खालच्या लॅमिनेटपासून (थर रचून बनलेल्या एफआरपीपासून) सुटली असेल तर ती वाढलेली दिसते, कारण चिकटलेल्या पट्टीला पसरायला लॅमिनेट अडवत असते आणि सुटलेल्या पट्टीला ती अडवणूक उरत नाही. मात्र तापमान वाढले तरीही धारिता वाढते, म्हणून दोन्ही मोजमापे सारख्या तापमानाला झालेली असली पाहिजेत. ही तपासणी अनेक जण गाळतात आणि सुटलेल्या पट्टीच्या संकेतावरून सुटलेल्या थरांचे निदान करून बसतात.

संशय एकाच वाहिनीवर असेल, तर आणखी एक युक्ती बिनखर्चाची आहे. दोन सेन्सरच्या केबल संगणकाच्या बाजूला आपापसांत बदलाव्यात. दोष केबलबरोबर दुसऱ्या वाहिनीवर गेला तर तो सेन्सर किंवा केबलचा आहे. तेथेच राहिला तर संगणकाकडच्या कार्डाचा. ५० हर्ट्झची टोके असतील तर अर्थिंग एकाच ठिकाणी आहे ना, ते पाहावे. काचतंतू वीज वाहू देत नाहीत. कार्बनतंतू मात्र वाहू देतात, त्यामुळे कार्बनच्या भागावर सेन्सरचे धातूचे आवरण थेट टेकू न देता मध्ये विद्युतरोधक बैठक घालावी.

चौथी तपासणी: नोंदीची मांडणी

येथे पैसा लागत नाही, पण बसून विचार करावा लागतो. वारंवारतेचा सर्वात लहान ओळखता येणारा फरक हा नोंदीच्या कालावधीच्या व्यस्त प्रमाणात असतो. नोंद ४ सेकंदांची असेल, तर आलेखावरचे बिंदू ०.२५ हर्ट्झच्या अंतराने पडतात. डक्टच्या पॅनलचा मोड ३२ हर्ट्झवर असेल आणि इशाऱ्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे ०.३२ हर्ट्झ ठेवली असेल, तर सगळा निर्णय एका-दोन बिंदूंच्या हिशेबावर येऊन ठेपतो. जरासा गोंगाट झाला की टोक शेजारच्या बिंदूवर उडी मारते आणि दिवा लागतो. नोंद ४० सेकंदांची केली की तेच अंतर ०.०२५ हर्ट्झ होते, आणि टोकाभोवतीच्या बिंदूंतून वक्र बसवून मधली वारंवारता काढली तर अंदाज आणखी स्थिर होतो. माझ्या मते इशाऱ्याच्या मर्यादेत किमान दहा बिंदू बसत नसतील, तर ती यंत्रणा चालू करू नये.

नमुने घेण्याचा वेग हव्या त्या सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक हवा, व्यवहारात २.५६ पट घेतात. त्याआधी अँटी-एलियासिंग गाळणी चालू नसेल, तर वरची वारंवारता खाली दुमडून खोटा मोड म्हणून दिसते. हातोड्याच्या चाचणीत (रचनेला ठोका देऊन कंपन मोजताना) घातांकी विंडो, म्हणजे नोंद शेवटाकडे दाबत नेणारा गुणक, वापरली असेल, तर तिच्यामुळे अवमंदन कृत्रिमरीत्या वाढते. काल एक विंडो, आज दुसरी, अशा स्थितीत दोन दिवसांच्या अवमंदनाची तुलना निरर्थक ठरते.

पाचवी तपासणी: तापमान आणि ओलावा

वेळ सर्वात जास्त येथे द्यावा, कारण एफआरपीसारख्या संमिश्र पदार्थात तापमानाचा परिणाम पोलादासारखा साधा नसतो. काचतंतूंची ताठरता आपल्या हवामानाच्या पट्ट्यात फारशी हलत नाही, पण त्यांना धरून ठेवणारे रेझिन उष्णतेने मऊ होते. त्यामुळे ज्या मोडमध्ये भार तंतूंच्या दिशेने जातो ते थोडे उतरतात, आणि ज्यांत पीळ किंवा थरांमधले कर्तन (थर एकमेकांवर सरकणे) जास्त असते ते अधिक उतरतात. ‘सगळे मोड सारख्या प्रमाणात उतरले तर तापमान, निवडक मोड उतरले तर नुकसान’ हा धातूवर शिकलेला आडाखा म्हणूनच एफआरपीवर फसवतो. उन्हाने तापलेले निरोगी लॅमिनेटही निवडक मोड उतरवून दाखवते. हाताने थर रचून, भट्टीत न तापवता, खोलीच्या तापमानालाच घट्ट होऊ दिलेल्या लॅमिनेटचे काचसंक्रमण तापमान (ज्याला रेझिन मऊ पडते ते) कमी असते आणि गडद रंगाचा पृष्ठभाग मे महिन्याच्या उन्हात त्याच्या बराच जवळ पोहोचू शकतो.

हवेचे तापमान पाहून भागत नाही. चिमणीची पश्चिमेकडची बाजू दुपारी हात लावू देत नाही, तेव्हा पूर्वेची बाजू कोमट असते. किमान दोन बाजूंना, लॅमिनेटच्याच पृष्ठभागावर, तापमानाचे सेन्सर चिकटवावेत आणि वारंवारतेची प्रत्येक नोंद त्या तापमानांसह साठवावी. शक्य असल्यास एक संपूर्ण ऋतुचक्र नोंदवावे. तेवढा धीर नसेल तर निदान कडक उन्हाळा, भर पावसाळा आणि थंडीची पहाट या तिन्ही अवस्था हव्यात. ओलाव्यासाठी पावसाळा महत्त्वाचा आहे: रेझिन पाणी शोषते, त्याने वजन वाढते आणि रेझिन मऊही होते, म्हणजे दोन्ही परिणाम वारंवारता खालीच ढकलतात, आणि पाऊस थांबल्यावर ती लगेच वर येत नाही. ऑगस्टमध्ये उतरलेली वारंवारता ऑक्टोबरपर्यंत रेंगाळत सुधारत असेल, तर घाबरू नये, पण नोंद ठेवावी. या आकड्यांवरून तापमानानुसार अपेक्षित वारंवारतेची रेषा काढावी आणि इशारा मूळ आकड्यावर न लावता त्या रेषेपासूनच्या फरकावर लावावा.

हवामानाचा हा हिशेब नवा नाही. स्वित्झर्लंडमधील झेड-२४ हा पूल पाडण्यापूर्वी १९९७-९८ मध्ये जवळजवळ वर्षभर मोजला गेला. पारा शून्याखाली गेला की त्याच्या वारंवारता ठळकपणे वर जात, कारण वरचा डांबराचा थर गोठून ताठ होत असे. तेथे थंडीने ताठरता वाढली, येथे उन्हाने घटते. दोन्हीकडे मूळ रचनेला काही झालेले नसते.

सहावी तपासणी: आधार आणि बोल्ट

एफआरपीच्या फ्लँजमधले बोल्ट पोलादी फ्लँजइतके घट्ट राहत नाहीत. सततच्या दाबाखाली रेझिन हळूहळू सरकते आणि बोल्टचा ताण उतरतो. आधार ढिला झाला की पहिला मोड उतरतो, आणि तो आकडा नुकसानासारखाच दिसतो. टॉर्क रेंचने, निर्मात्याने दिलेल्या टॉर्कपर्यंत, समोरासमोरचे बोल्ट जोडीने घट्ट करत जावे. त्याहून अधिक आवळल्यास फ्लँजच चिरते. चिमणीच्या ताणतारा आणि ब्लोअरखालचे रबरी पॅडही याच फेरीत पाहावेत. वारंवारता पूर्ववत झाली, तर शोध येथेच संपला.

सातवी तपासणी: हातोडा आणि नाणे

एवढे करूनही फरक उरला, तर रचनेवर संशय घेण्यास आधार आहे. मूळ चाचणी ज्या बिंदूंवर झाली होती त्याच बिंदूंवर, त्याच टोपीच्या हातोड्याने आणि शक्य तितक्या सारख्या तापमानाला, चाचणी पुन्हा करावी. दुहेरी ठोका पडलेल्या नोंदी टाकून द्याव्यात आणि मोडच्या टोकांजवळ कोहेरन्स (ठोका आणि प्रतिसाद यांचा मेळ दाखवणारा आकडा) एकच्या जवळ आहे ना, ते पाहावे. किती मोड उतरले यापेक्षा ते एकमेकांच्या तुलनेत किती उतरले, हे अधिक बोलके असते. पीटर कॉली आणि रॉबर्ट ॲडम्स यांनी १९७९ मध्येच दाखवले होते की दोन मोडच्या वारंवारतांतील बदलांचे गुणोत्तर, दोष लहान असताना, दोषाच्या जागेवर अवलंबून असते, त्याच्या तीव्रतेवर नाही. त्यामुळे गुणोत्तरांवरून संशयित पट्टा आखता येतो. सममित रचनेत मात्र हीच गुणोत्तरे दोन जागांना लागू पडतात, म्हणून दोन्ही पट्टे तपासावेत. लहान डीलॅमिनेशन (थर सुटणे) खालच्या मोडना सहसा जाणवतही नाही. पहिल्या दोन मोडवर चालणाऱ्या यंत्रणेने ‘सर्व ठीक’ म्हटले, तर त्याचा अर्थ तेवढाच घ्यावा.

आखलेल्या पट्ट्यात नाण्याने किंवा हलक्या हातोडीने दोन-तीन सेंटिमीटरच्या अंतराने ठोकत जावे. बाजारात मडके वाजवून घेतात तसाच हा प्रकार आहे: धड भाग खणखणीत बोलतो, सुटलेला भाग बद्द वाजतो. ब्लोअर बंद ठेवावा, नाहीतर कानाला फरक कळत नाही. बद्द वाजणाऱ्या भागाची कड खडूने आखून, तारीख घालून छायाचित्र घ्यावे. जाडी बदलते तेथे आणि आतल्या रिबजवळ आवाज आपोआप बदलतो, म्हणून रेखाचित्र हाताशी असावे.

येथे थांबावे

नाण्याला बद्द भाग सापडला, पृष्ठभागावर पांढुरका डाग किंवा उघडे तंतू दिसले, जोडावर ओल झिरपताना आढळली, किंवा हवामानाचा हिशेब वजा करूनही वारंवारता पायरी-पायरीने उतरतच असली, तर पुढचे काम आपले नाही. त्यासाठी प्रमाणित एनडीटी (वस्तूला इजा न करता तपासणी करणारा) तज्ज्ञ बोलवावा. आम्लाने भरलेल्या टाकीवर हातोड्याची चाचणी करू नये, परवान्याशिवाय टाकीत उतरू नये, आणि उंच चिमणीवर दोर-पट्ट्याच्या व्यवस्थेशिवाय चढू नये. संशयित चिमणी किंवा टाकी वापरातून काढण्याचा निर्णय तज्ज्ञ येईपर्यंत लांबवू नये. विमानाचा भाग किंवा पवनचक्कीचे पाते असेल, तर पाचव्या तपासणीनंतर थेट निर्मात्याकडेच जावे.

तज्ज्ञाला बोलावताना एक प्रश्न अवश्य विचारावा: अल्ट्रासॉनिकचा प्रोब किती मेगाहर्ट्झचा आणणार? हाताने रचलेल्या जाड काचतंतूंच्या लॅमिनेटमध्ये ध्वनी झपाट्याने विरतो, म्हणून कमी वारंवारतेचा, साधारण ०.५ ते २.२५ मेगाहर्ट्झचा प्रोब लागतो; पोलादी पाइपची जाडी मोजणारा ५ मेगाहर्ट्झचा प्रोब येथे दिशाभूल करणारे आकडे देऊ शकतो. एफआरपीच्या टाक्यांसाठी ध्वनी-उत्सर्जन तपासणीची एएसटीएम ई १०६७ ही स्वतंत्र कार्यपद्धती आहे. तिचे नाव घेतल्यावर समोरची व्यक्ती गोंधळली, तर दुसरी संस्था शोधावी. तज्ज्ञाच्या हाती तापमानासह वारंवारतेच्या नोंदी, खडूने आखलेल्या भागाची छायाचित्रे आणि रजिस्टरची प्रत दिली, तर त्याचे काम बरेच लवकर आटोपते.

दुरुस्ती झाल्यावर जुनी मर्यादा तशीच चालू ठेवू नये. चढवलेले नवे थर ताठरता आणि वजन दोन्ही बदलतात, त्यामुळे दुरुस्त रचनेची वारंवारता मूळ आकड्याच्या वरही जाऊ शकते आणि मग खालच्या मर्यादेचा इशारा पुढचा दोष बराच वाढेपर्यंत वाजणार नाही. रेझिन पूर्ण घट्ट झाल्यानंतर नवी आधाररेषा घ्यावी, पिझो पट्ट्यांची धारिता पुन्हा मोजून लिहावी, आणि जुन्या नोंदी पुसून न टाकता दुरुस्तीच्या तारखेसह वेगळ्या फाइलमध्ये ठेवाव्यात.